मानेतली मोळी

उंबरमाळच्या नवसीचा राग आमच्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. ती भांडत नाही, शिव्या देत नाही. रागावली की गप्प होते, खालचा ओठ दातात धरते आणि हातातलं काम दुप्पट जोराने करते. त्या वेळी तिच्या कोयत्यापुढे मनगटाएवढी फांदी आली तरी दुसरा घाव लागत नाही. हा राग तिला जन्मापासून नव्हता. बदलापूरजवळ, खरवईच्या अंगाला एका लोखंडी पाइपापाशी तो तिला भेटला आणि अजून तिच्याजवळ आहे.

उंबरमाळ ही बदलापूरच्या पूर्वेला, डोंगराच्या काखेतली ठाकर आदिवासींची वाडी. कारवीच्या कुडाची घरं, सारवलेली अंगणं, खाली भाताची लहान लहान खाचरं. भात घरात आलं की वाडीतल्या बायका रानात जायच्या, वाळलेली लाकडं तोडायच्या, वेलांनी मोळ्या आवळायच्या आणि उजाडता उजाडता त्या डोक्यावर घेऊन बदलापूरला उतरायच्या. हॉटेलवाले घेत, बेकरीवाले घेत, बंबात पाणी तापवणारी घरं घेत. वाट एकच होती. डोंगर उतरायचा, ओहोळ ओलांडायचा, मोकळा माळ चालायचा आणि खरवईच्या अंगाने गावात शिरायचं. ती वाट कुणी दोरी लावून आखली नव्हती. बायकांच्या तळव्यांनी ती घासून घासून केली होती.

डोक्यावर मोळी असली की बाईला स्वतःचे पाय दिसत नाहीत. मान खाली घातली की मोळी पुढे कलंडते. म्हणून मान ताठ, नजर समोर, आणि खाली पाय आपले आपण चालतात. दगड कुठे, मूळ कुठे, उतार कुठे संपतो, हे सगळं तळव्यांना पाठ असतं. नवसीला हे तिच्या आईने, भिकीने शिकवलं. आधी डोक्यावर रिकामा तांब्या, मग भरलेला, मग हंडा. पाणी सांडलं की पाठीत धपाटा.

"खाली काय पन होऊं दे," भिकी म्हणायची, "डोकं हालाचा नाय."

पोरगी शिकली. गुडघे लवत, कंबर झुलत असे, अंगभर हेलकावे जात. डोकं मात्र तळ्यातल्या पाण्यासारखं शांत. लग्नाच्या वयाला आली तोवर नवसीसारखी मोळी वाहणारी बाई वाडीत दुसरी नव्हती. भिकीला त्याचा अभिमान होता. चारचौघींत ती तो बोलूनही दाखवायची.

एक्क्याण्णव सालचा पाऊस लागायच्या आत त्या माळावर बंगल्यांची सोसायटी उभी राहिली. अंबरनाथच्या कारखान्यांतले साहेब लोक तिथे राहायला आले. आमची वाट आता त्यांच्या मधल्या रस्त्यात जाऊन मिळत होती. सुरुवातीला कुणी काही बोललं नाही. उलट त्यांच्या बंबांनाही लाकूड लागायचं, आणि ते वाडीचंच असायचं.

दिवाळी झाली आणि एका दुपारी सोसायटीने वाटेच्या तोंडावर विटांचे दोन बुटके खांब बांधून त्यांवर एक जाड पाइप आडवा टाकला. पोटरीपेक्षा थोडा उंच. ढोरं आत येतात, सायकली आणि हातगाड्या येतात, असं कारण होतं. वाडीला कुणी सांगितलं नाही. सांगायचं असतं, हे कुणाच्या मनातच आलं नाही.

दुसऱ्या सकाळी माळावर धुकं बसलं होतं. बायकांची रांग नेहमीसारखी उतरली. पुढे भिकी, मागे नवसी, तिच्या मागे बाकीच्या. भिकीचे पाय वाटेला ओळखत होते, आणि त्यांच्या ओळखीत तिथे पाइप नव्हता. नडगी लोखंडावर आपटली. मोळी पुढे गेली, मोळीच्या मागून भिकी गेली, आणि तिचा उजवा हात कोपरातून अंगाखाली दुमडला. नवसीने आपली मोळी फेकून दिली आणि आईला उचललं. तेवढ्यात पहिल्या बंगल्याच्या गॅलरीत दिवा लागला.

"कोण आहे तिकडे? लाकडं रस्त्यात टाकू नका!" एक पुरुषी आवाज आला, आणि दिवा मालवला.

तो आवाज दिनानाथ साहेबांचा होता. सोसायटीचे चेअरमन. नवसीने तो पहिल्यांदा ऐकला आणि जन्मात विसरली नाही.

भिकीचा हात गावातल्या हाडवैद्याने बांधला. हाड जुळलं, पण हात सरळ झाला नाही. कोयत्यासारखा वाकडा राहिला. मोळी बांधता येईना, उचलता येईना. वाडीतली सगळ्यात पुढे चालणारी बाई उंबऱ्यात बसून राहिली आणि ज्या वाटेने इतरजणी जात त्या वाटेकडे पाहत राहिली.

नवसीचा भाऊ चांगो उल्हासनगरला एका वर्कशॉपमध्ये पत्रे कापायचा. त्याला कळलं तसा तो पहार घेऊन पाइप काढायला गेला. भर दुपारी गेला, कारण आपण चोरी करतोय असं त्याला वाटतच नव्हतं. त्याला धरून चौकीवर नेलं. संध्याकाळी परत आला तेव्हा त्याला पाठ टेकता येत नव्हती. त्याने पहार कोपऱ्यात उभी केली आणि पुन्हा तिला हात लावला नाही.

मग एका रविवारी सगळी वाडीच सोसायटीत गेली. पुढे कौसाबाई होती. कौसाबाई वाडीतली सगळ्यात म्हातारी. फॉरेस्टच्या गार्डला ती अरे-तुरे करायची, देवालाही, तशीच साहेबालाही.

"सायबा, ती आमची वाट हाय. पाइप काढ."

दिनानाथ साहेब वर्तमानपत्राची घडी हातात घेऊन आपल्या बंगल्याच्या फाटकाशी उभे होते. गोरे, नीटनेटके, आवाज न चढवणारे गृहस्थ. "आजी, वाट कसली? जागा सोसायटीची आहे."

"तुझी सोसायटी काल उपजली. माझ्या सासूची सासू ह्याच वाटंनं गेली."

"मग आजही जा ना. पाय उचला आणि जा. पाइप काय आभाळाला टेकलाय?"

"डोक्यावर मोळी असली का खालचा दिसत नाय," नवसी म्हणाली. "एकदा घेऊन बघा तुम्ही."

गॅलरीतल्या दोनचार बायका हसल्या. साहेबही हसले. आणि नेमका त्याच वेळी त्यांचा मुलगा मधू सायकलवरून आला.

मधू विशीतला. कॉलेज सोडून बसलेला, घरच्यांच्या डोक्याला ताप. मामाने मस्कतहून त्याला एक सायकल आणली होती. चाकं लहान, टायर जाड, हॅण्डल उंच, जाड पाइपांची बुटकी सायकल. तिला बीएमएक्स म्हणत. तिच्या करामतींची व्हिडिओ कॅसेटही मामाने पाठवली होती, आणि मधू ती पाहून पाहून शिकला होता. पाइप टाकल्यापासून त्याला नवा खेळ मिळाला होता. तो वेगात आला, पाइपासमोर अंग दाबलं, हॅण्डल ओढलं, आणि सायकल त्याच्यासकट उडून पलीकडे उतरली. सोसायटीतल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या.

"बनी हॉप!" मधू ओरडला. "ससाउडी!"

दिनानाथ साहेबांना त्यातून कोटी सुचली. "हे बघा आजी, आमचा मधू जातो की नाही? सायकलवरून पाय खाली न टेकता जातो. तुमच्यातलं कुणी असं पलीकडे गेलं ना, त्याच दिवशी मी माझ्या हाताने पाइप उपटीन. झालं समाधान?"

गॅलऱ्या खदखदल्या. वाडीतली माणसं खाली मान घालून उभी राहिली. कौसाबाई मात्र साहेबांकडे रोखून पाहत होती.

"परत बोल."

"अहो आजी..."

"परत बोल. मोठ्यानं. सगळ्यांना आयकूं दे."

साहेबांना मजा वाटली. त्यांनी परत म्हटलं, आणि मोठ्याने म्हटलं.

परतताना चांगो चिडला. "मस्करी केली ग त्यानं आपली."

"त्यानं मस्करी केली," कौसाबाई म्हणाली. "आपून आयकला तो शब्द. त्याचा तोंड, त्याचा शब्द. आता तो खरा करून दाखवाचा कोनी?"

नवसीने ओठ दातात धरला होता.

बदलापुरात स्टेशनच्या अलीकडे कोंडाजीचं सायकलचं दुकान होतं. नवसी त्याच्या घरी रोज लाकडं टाकायची. त्या दुकानात खुंटीला एक बुटकी सायकल टांगलेली होती. उल्हासनगरच्या एका कारखान्यात फॉरेनच्या सायकलीची नक्कल करायचे, त्यातली ती. वरून स्टिकर झगझगीत, पण फ्रेम वाकडी जोडलेली. सोडली की डावीकडे ओढ घ्यायची. ज्याने नेली त्याने परत आणून दिली होती.

"ती सायकल दे," नवसी म्हणाली.

"कोणाला? चांगोला?"

"मना."

कोंडाजीने हातातला पाना खाली ठेवला. "तुला चालवता येते?"

"भावाची मोठी सायकल दांड्याखालून पाय घालून चालवलीय. ही तं लहान हाय."

"अगं, ही कुठल्या कामाची नाही. कॅरिअर नाही, मडगार्ड नाही. लाकडं कुठे बांधशील?"

"लाकडं नाय बांधाची."

"मग?"

"पाइपावरून उडवाची हाय."

कोंडाजीने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि पुढचं काही विचारलं नाही. पावसापर्यंत त्याच्या घरची लाकडं तिने फुकट टाकावीत, एवढ्यावर सायकल तिची झाली. वर दोन्ही पायडलांना गोणपाट गुंडाळून दिलं, कारण ती अनवाणी होती आणि पायडलांना दाते होते. नवसीने डोक्यावर चुंबळ ठेवली, सायकल उचलून त्यावर आडवी घेतली आणि डोंगर चढू लागली. वाटेत भेटला तो हसला. सायकलीवर माणूस बसतो, माणसावर सायकल बसलेली कुणी पाहिली नव्हती. तिच्या डोक्यावर चाकं आपली आपण फिरत होती आणि डोकं नेहमीसारखं स्थिर होतं.

शिकायचं कुणाकडून? मधूकडूनच. मोळी विकून परतताना ती सोसायटीच्या कडेला करवंदीच्या जाळीशी उभी राही. मधू रोज सकाळी पाइपाशी खेळायचा. नवसी त्याचे हात बघायची, मग खांदे, मग पाय. एकदा त्याने तिला पाहिलं.

"काय गं, रोज काय बघतेस?"

"उडी."

"शिकायचीय?" तो हसला, पण त्याला प्रेक्षक आवडायचे. "बघ हं. पहिले दाबायचं, असं, खाली. मग मागे जाऊन हॅण्डल ओढायचं. पुढचं चाक वर आलं की सरळ उभं राहायचं, एकदम झटक्यात. आणि पायाने पायडल मागून खरवडायचं. समझा क्या? दाब, ओढ, ऊठ, खरवड. इतकं सोपं आहे."

"पाइप नसता तं कुठं खेळला असतास?"

"अरे यार, पाइप आहे म्हणून तर मजा आहे," मधू म्हणाला आणि पुन्हा उडी मारायला गेला.

नवसी घरी आली ती मुठी आवळून. आपल्या आईचा हात जिथे मोडला तिथे हा मजा करतो. त्याच्या मनात काही वाईट नाही, हेच तिला जास्त लागलं. वाईट असता तर सरळ राग करता आला असता.

भात झोडून रिकाम्या झालेल्या खळ्यात तिने दोन दगड ठेवले, त्यांवर एक काठी. लुगडं गुडघ्यावर खोचलं आणि सुरुवात केली. सायकल डावीकडे ओढायची, म्हणून आधी तिला सरळ चालवायला शिकणं आलं. मग दाबणं, मग ओढणं. पुढचं चाक लवकरच उठू लागलं. खरवडणं तर तिला शिकवावंच लागलं नाही. लावणीच्या वेळी मांडीएवढ्या चिखलातून पाय काढतात तो असाच, टाच वर, बोटं खाली, मागे ओढत. तिच्या पायांनी ते ओळखलं.

तरी मागचं चाक उठेना.

पुढचं चाक काठीवरून जाई, मागचं काठीला अडके, काठी मोडे, नवसी पडे. नवी काठी, पुन्हा तेच. कोपरं सोलली, नडग्या काळ्यानिळ्या झाल्या. वाडीतल्या बायका कुडाआडून बघत.

"नवसे, काठ्या मोडून सरपन करतंस का?"

"लग्नात नवऱ्याला डबल सीट आनील गो ही!"

चांगोने एकदा सायकल उचलून बाजूला टाकली. "मराची हाय का तुला? त्यांच्या मस्करीसाठी हाडा मोडून घेशील."

"तुझी पहार कुठं हाय?" नवसीने विचारलं. "दे बघू माझ्या हातात."

चांगो निघून गेला. तिला वाईट वाटलं, पण तिने हाक मारली नाही. त्या दिवसांत तिला सगळ्यांचा राग येत होता. साहेबाचा, मधूचा, हसणाऱ्यांचा, चौकीला घाबरलेल्या भावाचा, डावीकडे ओढणाऱ्या सायकलीचा. रानात सागाची पानं गळून खाली खच पडला होता आणि तिच्या पायाखाली ती कडाकड मोडत. तो आवाज ऐकून रानातलं पाखरू उडालं की तिला त्या पाखराचाही राग यायचा. ते किती सहज उठत होतं.

भिकी उंबऱ्यात बसून सगळं बघायची. हात मोडल्यापासून ती कमीच बोलायची. पण माघ सरता सरता एका दुपारी, नवसी पडली, उठली, पुन्हा पडली, तेव्हा भिकी खळ्यात आली आणि लेकीसमोर उभी राहिली.

"नवसे, तुझ्या डोक्यावर अजून मोळी हाय."

"काय?"

"तुला नाय दिसत. मना दिसतंय. सायकल खाली जाते, वर येते, तुझं अंग लवतंय, पन डोकं जागचा हालत नाय. गुडघ्यातच जिरवतंस समदा. तो पोरगा उडतो तेव्हा आधी त्याचा डोकं उडतंय. तू डोकं धरून ठेवतंस, मग सायकल कुठं जाईल? डोक्यावर मोळी घेऊन कोनी उडतं का?"

नवसी सायकल धरून उभी राहिली. आई खरं बोलत होती. दाबायची, ओढायची, आणि उठायच्या क्षणाला तिची मान आपोआप ताठ व्हायची, गुडघे वाकून सगळा झटका पिऊन टाकायचे. तांब्या सांडू नये म्हणून जे अंगात भरलं होतं, ते आता बाहेर निघेना. तिने ठरवून डोकं वर फेकून पाहिलं. जमलं नाही. मान तिचं ऐकतच नव्हती.

तेव्हा तिला जो राग आला तो आधीच्या सगळ्या रागांहून मोठा होता. कुणीही डोक्यावर ओझं न ठेवता ती ओझं वाहत होती. झोपेतही वाहत असेल. तिने सायकल जमिनीवर आपटली.

"तूच शिकवलास हा!" ती आईवर ओरडली. "धपाटे मारून शिकवलास!"

"मीच," भिकी म्हणाली. "मनापन माझ्या आयनं धपाटे मारूनच शिकवला. आता काढूं पन आपूनच."

खळ्याच्या कडेला आंब्याची एक फांदी आत झुकलेली होती. भिकीने चांगोला बोलावलं, गोठ्यातली बैलाच्या गळ्यातली घंटा सोडवून घेतली आणि त्याच्याकडून ती दोरीने फांदीला बांधून घेतली, बरोबर काठीच्या वर, नवसीचं डोकं नेहमी असतं त्याच्याहून हातभर उंच.

"काठी इसर, सायकल इसर. काय पन बघू नको. डोक्यानं घंटा वाजव."

चांगोने दोरी बांधली. बांधताना बहिणीकडे पाहिलं नाही, पण गाठ दोनदा ओढून बघितली.

मग उंबरमाळला रोज दुपारी काठी मोडल्याचा आवाज यायचा आणि घंटेचा यायचा नाही. नवसीची मान तिथपर्यंत जायची आणि अडायची. घंटा वर शांत लटकायची. भिकी खाली बसून राहायची. "नाय वाजली," एवढंच म्हणायची. "नाय वाजली." शेवटी एक दिवस नवसीने डोळे मिटले. काठी कुठे आहे ते पाहिलंच नाही. मोळी घेऊन चालताना तरी कुठे पाहते? दाबलं, ओढलं, आणि अंगातला सगळा संताप मानेतून वर फेकला. कपाळावर पितळ आपटलं. घंटा ठणाणली. खाली काठी मोडल्याचा आवाज आला नाही.

ती काठीच्या पलीकडे होती. सायकलवर. कपाळातून रक्त येत होतं.

"वाजली," भिकी म्हणाली.

त्यानंतर घंटा वाजायला लागली ती लागलीच. वाडीतल्या गुरांना वाटायचं, कुणीतरी बैल हाकतंय.

होळी विझली आणि वाडी ठरवून खाली उतरली. बहुतेक बायका मोळ्या घेऊन, पुरुष रिकाम्या हातांनी, कौसाबाई काठी टेकत. नवसीने सायकल डोक्यावर घेतली नाही, हाताने ढकलत नेली. माळ संपला आणि सगळेजण थांबले.

पाइप उंच झाला होता.

खांबांवर विटांचे नवे थर चढले होते. पाइप आता गुडघ्याच्याही वर होता. सिमेंट अजून ओलं, काळपट होतं. दूधवाल्याच्या तोंडून खळ्यातली बातमी साहेबांपर्यंत गेली होती आणि आदल्या संध्याकाळीच गवंडी येऊन गेला होता.

दिनानाथ साहेब फाटकाशी आले. "काय आजी, आज सगळा लवाजमा?"

"पाइप उंच केलास?"

"ढोरं उड्या मारून येत होती."

कौसाबाई जमिनीवर थुंकली आणि नवसीसाठी वाट मोकळी केली.

नवसी मागे गेली. माळावरून वेग घेत आली. तिच्या मागे डोक्यावर मोळ्या घेतलेल्या बायका उभ्या होत्या, ती रांग तिच्या पाठीला जाणवत होती, आणि पाइपासमोर आल्यावर तिचं अंग त्या रांगेत जाऊन उभं राहिलं. मान ताठली. पुढचं चाक पाइपाला धडकलं. नवसी बाजूला फेकली गेली, गुडघा फुटला. गॅलरीतून कुणीतरी "अरेरे" म्हणालं आणि कुणीतरी हसलं.

मधू बंगल्यातून बाहेर आला होता. त्याने पाइप पाहिला, वडिलांकडे पाहिलं. "बाबा, हे चीटिंग आहे. एवढं मला पण जमणार नाही."

"तू आत जा."

"नाही जात."

नवसी उठली. सायकल उचलली. चाक फिरवून पाहिलं, फिरत होतं. ती पुन्हा मागे गेली. तेवढ्यात गर्दीतून घंटा वाजली.

भिकी पुढे आली होती. डावा हात तिने उंच धरला होता आणि त्यात ती बैलाची घंटा होती. ती पाइपाच्या पलीकडे जाऊन उभी राहिली, जिथे तिचा उजवा हात मोडला होता तिथेच वाटेच्या कडेला, आणि जीव खाऊन घंटा वाजवत राहिली.

"नवसे! मोळी टाक! डोक्यानं वाजव!"

नवसीने ओठ दातात धरला. माळावरून ती आली ती बाण सुटल्यासारखी. दाबलं. ओढलं. आणि मान वर फेकली, अशी की तिचा अंबाडा सुटला आणि केस मागे उडाले. पुढचं चाक पाइपावरून गेलं. मागचं चाक वर आलं, पाइपाच्या काठाला लागलं, आणि ओल्या सिमेंटने पाइप सोडून दिला. एका रात्रीच्या घाईत चढवलेल्या विटा ढासळल्या, पाइप खाली पडून खणखणत गटाराकडे घरंगळला. सायकल जमिनीवर आदळली, डावीकडे गेली, डगमगली, नवसीने तिला उजवीकडे रेटलं. पाय टेकला नाही. ती थेट साहेबांच्या फाटकापर्यंत गेली आणि तिथे पायडलावर उभ्यानेच थांबली.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मधूने एकट्याने हात वर केला आणि वडिलांकडे पाहून खाली घेतला.

"हे काही खरं नाही," दिनानाथ साहेब म्हणाले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला होता. "ओलांडायचं ठरलं होतं, पाडायचं नाही."

कौसाबाई पडलेल्या विटांशी गेली आणि काठीने एक वीट उलटी केली. "पाय खाली न टेकता पलीकडं जावा, असा बोलला होतास. गेली. त्याच दिशी उपटीन बोलला होतास. तुझे कष्ट वाचवले तिनं. उंच कोनी केला होता, आम्ही?"

कौसाबाईने बायकांकडे पाहिलं. ज्यांच्या डोक्यावर मोळ्या नव्हत्या त्यांनी डोक्यावर चुंबळी ठेवल्या, गटाराच्या कडेचा पाइप उचलला, डोक्यांवर घेतला, आणि एक पाऊल न चुकता, एक मान न हलवता तो नेऊन दिनानाथ साहेबांच्या फाटकात आडवा ठेवला. नीट ठेवला, आवाज न करता.

"आता तू पाय उचल," कौसाबाई म्हणाली.

मग मोळ्यांची रांग चालू लागली. त्या वाटेवर पुन्हा पाइप आला नाही. पुढे ती वाट डांबरी झाली, खरवईला इमारती चढल्या, गॅस आला, लाकूड कुणी घेईनासं झालं. नवसी त्याच इमारतींवर बिगारी लागली. पण घमेलं डोक्यावर घेतलं नाही, कमरेवर वाहिलं, दुप्पट त्रास झाला तरी. मुकादम ओरडायचा, डोक्यावर घे म्हणून. ती ओठ दातात धरून कमरेवरच न्यायची, आणि काम तिचं कुणाहून कमी भरायचं नाही. वाकडी सायकल तिच्या घराच्या कुडाला अजून टेकलेली आहे. मुलींना ती चालवायला देते. मुलींच्या डोक्यावर तांब्या ठेवून चालायला तिने कधी शिकवलं नाही.

त्या सकाळचं एक सांगायचं राहिलं. मोळ्यांची रांग गेल्यावर शेवटी भिकी वाडीकडे परत निघाली. डोक्यावर काही नव्हतं. वाकडा हात पोटाशी, दुसऱ्या हातात घंटा. जिथे पाइप होता तिथे ती आली, आणि वाट मोकळी असूनही तिने पाय उंच उचलून टाकला. नजर समोर, मान ताठ.

"आये," नवसी म्हणाली, "डोकं हालव ना. काय नाय आता डोक्यावर."

भिकीने प्रयत्न केला. खरंच केला, नवसीने तिच्या गळ्याच्या शिरा ताणलेल्या पाहिल्या.

"नाय हालत ग," ती म्हणाली आणि तशीच पुढे चालत गेली.

नवसी सायकल धरून तिच्याकडे पाहत राहिली. पाइप गेला होता. साहेबाने शब्द खाल्ला नव्हता, त्याला तो खाऊ दिला नव्हता. सगळी वाडी खुशीत होती. आणि नवसीच्या दातात ओठ होता, तो तिने सोडला नाही.